गॅलरीतला कोपरा

मुंबई, सोमवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

वॉक छान पार पडला. पोटऱ्या अजून दुखतायत, पण काळजीचं काही नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला शिवाजी पार्कहून निघालो, वरळी सी फेसला वळसा घालून परत. सिद्धिविनायकाला बाहेरूनच हात जोडले.

जमलेले पैसे टाटा हॉस्पिटलला बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटच्या राहण्यासाठी आहेत. औषधपाण्याला कुठून तरी मदत मिळते, राहायचं कुठे हाच प्रश्न. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, असे कितीतरी आठवडे. रोज जळगावहून ये-जा कोण करणार? दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण परळच्या फुटपाथवर माणसं आजही पथारी टाकून असतात. एक बाई एक्स-रेचं पाकीट उशाला घेऊन निजली होती. ते बघून मी थांबलेच.

तिथून थेट दादाकडे लालबागला. वहिनीने कोंबडी-वडे केले होते. रात्री चाळीतली आमची सगळी गँग आली, समोरच्या काकूंचा धाकटा तर खास नाशिकहून. हॉलमध्ये गोधड्या पसरून दोनपर्यंत गप्पा. बाबा, तुमच्या कॅरमची आठवण निघालीच. चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते, ती सगळ्यांनी आळीपाळीने बघितली.

आई, आता जे लिहिते ते फोनवर बोलायला जमलं नसतं.

१९९४, माझी दहावी. तू टाटाच्या दारातून एका जोडप्याला घरी आणलंस, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा, डोक्याला निळी माकडटोपी. गॅलरीतला माझा अभ्यासाचा कोपरा त्यांना दिलास. १९८२ च्या संपात बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच, वॉचमनच्या पगारात आपलंच भागत नव्हतं. तरी तू स्टोव्हवर त्यांच्यासाठी वेगळी मऊ खिचडी टाकायचीस. आणि बाबा, तुम्ही रात्रपाळीहून आल्यावर त्या मुलाला खांद्यावर घेऊन हॉस्पिटलला पोचवायचात, मग झोपायचात.

मी महिनाभर त्या बाईशी एक शब्द बोलले नाही. तिने पाणी मागितलं की पुस्तकात तोंड खुपसायचे. जाताना तिने माझ्या हातात दोन रुपयांची नोट ठेवली, पेनासाठी म्हणून. मी ती दारातल्या कट्ट्यावर तशीच टाकली. तू बघितलंस आणि काही बोलली नाहीस. त्या रात्री तू मला ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

हे मी शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं. काकूंचा धाकटा म्हणाला, त्या टोपीवाल्याला मी गोट्या शिकवल्या होत्या. नाव मात्र कुणालाच आठवेना.

पुढे वर्षभर तुला त्यांची पोस्टकार्डं येत होती ना? ती तू देवाच्या फडताळात ठेवायचीस. गावी नेलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत बघशील का? गावाचं नाव जरी मिळालं तरी मी आणि दादा जाऊन येऊ.

लालबागहून मसाला कुटून घेतलाय, बेडगी जास्त घालून. परवाच्या एसटीने पाठवते. बाबा, गुडघ्याला तेल लावताय ना?

रविवारी फोन करते. तोवर ट्रंक उघडून ठेव.

तुमची,
धाकटी