आबांच्या कागदावरचा शब्द

नाशिक

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पाहून तू फोनवर घाबरून विचारलंस, ‘दम्याच्या जोडीला हे एक्झॅसर्बेशन आणखी काय निघालं?’ नवीन काही निघालेलं नाही, बाळा. दमा जुनाच आहे, तो या थंडीत बळावला, एवढंच त्या शब्दात आहे. फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मूळ क्रियापद ‘एक्झॅसर्बेट’. आधीच बिघडलेलं आणखी बिघडवणं, हा त्याचा अर्थ, आणि त्यातलं ‘आधीच’ फार महत्त्वाचं. दुखणं, भांडण, टंचाई असं काहीतरी अगोदर असावं लागतं. माझी अकरावीची मुलं इथेच चुकतात. थंडीने सर्दी झाली असं म्हणायचं असतं आणि लिहितात, थंडीने सर्दी एक्झॅसर्बेट केली. आपल्याकडे आजार बळावतो, जखम चिघळते, वाद विकोपाला जातो. इंग्रजीत या सगळ्याला हे एकच क्रियापद चालतं.

त्याचं मूळ तर आपल्या निफाडच्या बागेत चाखता येईल. लॅटिनमध्ये ‘अकेर्बुस’ म्हणजे कच्च्या फळाची आंबट-तुरट चव. फीड्रस या रोमन कवीने लॅटिन पद्यात कोल्ह्याची गोष्ट सांगितली आहे, त्यात हाती न लागलेल्या द्राक्षांना कोल्हा हेच विशेषण लावतो. पाणी उतरायच्या आधीचा मणी तू लहानपणी हट्टाने खायचीस ना? हिरवा, टणक, चावला की दात आंबायचे आणि घशाला चरचरायचं. तीच ती चव. जिभेवरचा हा शब्द पुढे कठोर, जहाल अशा अर्थाने वापरात आला. त्याला जोर देणारं ‘एक्स’ लागून क्रियापद झालं, आणि १७व्या शतकात ते इंग्रजीत आलं. ‘एक्झॅस्परेट’शी मात्र गल्लत करू नकोस. तो ‘आस्पेर’, म्हणजे खरखरीत, या शब्दावरून आला आणि आज वैताग आणणं या अर्थी वापरतात.

आबांचं काय झालं तेही सांगते. निफाडला पारा उतरला की मणी वाचवायला बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, हे तुला माहीत आहे. आबा ऐकतात थोडेच! दम्याचा माणूस, त्यात गारठा, त्यात ओल्या काडीचा धूर. गारठ्याने छाती भरलीच होती, धुराने धाप वाढवली. म्हणून डॉक्टरांनी त्यांना नवा आजार झाला असं न लिहिता हा शब्द लिहिला, आणि मला तो अगदी नेमका वाटला.

आता धाप कमी आहे. पंप वेळेवर घेतात, रात्री झोप लागते. धुराजवळ जायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. शेकोट्यांचं काम काकांनी अंगावर घेतलंय आणि घराच्या बाजूच्या ओळीत यंदा एकही पेटवायची नाही, असं ठरलंय. तू आबांना रोज संध्याकाळी फोन कर, पण जास्त बोलायला लावू नकोस.

तुझी,
आई