चि. मन्यास, रात्रीच्या गोळीबद्दल

इंदूर,
रविवार

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र गोळ्यांच्या डब्यातच ठेवते आहे. अवंतिका एक्सप्रेसमध्ये डबा खांद्यावरच्या पिशवीत असू दे, बर्थखालच्या बॅगेत नको. वडोदऱ्याच्या खोलीवर पोचलास की सावकाश वाच आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटव.

तुझं क्लोझापिन, कानातल्या आवाजांवरचं हे औषध, आता चौदाव्या आठवड्यात आहे. आवाज शांत झाले, झोप लागते आहे, उद्यापासून पुन्हा कामावर जायचं. नेमक्या अशा वेळी मनात येतं की आता गोळी कशाला. येऊ दे मनात, त्यात काही चूक नाही. पण कुणाला न सांगता गोळी कमी केलीस तर धोका आहे. या औषधाच्या जवळजवळ प्रत्येक त्रासावर डॉक्टरांकडे काही ना काही उपाय असतो. तो त्रास त्यांना कळला तरच, एवढंच.

आधी चुकलेल्या गोळीचं. रात्रीची २०० राहिली आणि सकाळी आठवली, तर ती सकाळी घ्यायची नाही, दिवसभर गुंगी राहील आणि तू स्कूटर चालवणार. सकाळची ५० नेहमीप्रमाणे घे, रात्रीची रात्री. दोन मात्रा एकदम कधीच नाहीत. पण शेवटच्या गोळीपासून ४८ तास उलटून गेले असतील, तर २०० ची गोळी हातातसुद्धा घेऊ नकोस. आपण १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू इथवर आलो, ते शरीराला सवय व्हावी म्हणून. दोन दिवसांत ती सवय मोडते. मग पूर्ण मात्रा एकदम घेतली तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो, भोवळ येते, झटकाही (फिटही) येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांना फोन करायचा. ते पुन्हा १२.५ पासून चढवत नेतील. म्हणून डब्याच्या कप्प्यांवर वार लिहिलेत. शनिवारी रात्री तूच भरायचास. आणि पाकिटात सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या; संपल्यावर दुकान शोधत फिरायचं नाही.

रक्त. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, त्यानंतर महिन्याला एकदा, असं तुझं वेळापत्रक आहे. तुझे चार आठवडे अजून बाकी आहेत, आणि ते वडोदऱ्यात पुरे करायचेत. कंटाळा येतो हे कळतं. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणारी माणसं पांढऱ्या पेशी एकाएकी उतरून दगावली, म्हणून कितीतरी ठिकाणी ते मागे घेतलं गेलं. अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली ती नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर. या तपासणीमुळेच हे औषध आज तुझ्यासारख्यांच्या हाती आहे.

लॅबमध्ये सांगताना ‘सीबीसी, डिफरन्शियलसकट’ असं सांग, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांच्या टक्क्यांसह. रिपोर्टवर दोन आकडे बघायचे, एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या न्यूट्रोफिल्सचे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे, टक्के. समजा ६२०० आणि ५८ टक्के, तर ६२०० गुणिले ०.५८ म्हणजे ३५९६. हा आकडा वहीत तारखेसमोर लिही आणि रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठव. २००० च्या खाली गेला तर त्याच दिवशी फोन. १५०० च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढची गोळी घ्यायची नाही. उत्तरायण, दिवाळी अशा दिवसांत लॅब बंद असते, तेव्हा दोन दिवस आधीच रक्त देऊन मोकळा हो. ठरलेल्या तारखांच्या मध्येही ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा घसा जोरात दुखायला लागला, तर पॅरासिटामॉल घेऊन नुसतं पडून राहायचं नाही. त्याच दिवशी सीबीसी. संसर्ग असला की रक्तातलं क्लोझापिन आपोआपही वाढतं, त्यामुळे डॉक्टर तेवढ्यापुरती मात्रा उतरवूही शकतात.

आता जे सगळ्यात जास्त काळजीनं लिहिते आहे ते. पोट. पांढऱ्या पेशींची भीती सगळ्यांना असते, आणि बद्धकोष्ठाबद्दल कुणी लाजेनं बोलत नाही. क्लोझापिन आतड्यांची हालचालच मंद करतं. मळ साचतो, आतडं फुगतं, आणि त्यातून माणसं दगावली आहेत, तीही थोडीथोडकी नाहीत. तुला दुखेलच असंही नाही, कारण आतडं हळूहळू भरत जातं. म्हणून वहीत रोज पोट साफ झालं की नाही याची खूण कर. पोट साफ ठेवणारं लॅक्टुलोजचं पातळ औषध रोज रात्री १५ मिली ठरलं आहे, ते त्रास नसला तरी घ्यायचं. एक दिवस कोरडा गेला तर झोपताना बिसाकोडिल या रेचकाची ५ मिलिग्रॅमची एक गोळी. इसबगोलावर भिस्त ठेवू नकोस. मंदावलेल्या आतड्यात ते फुगून बसतं, आणि पाणी कमी पडलं तर उलट अडकतं. दिवसाला अडीच लिटर पाणी, पपई, पालेभाजी, संध्याकाळी अर्धा तास चालणं. वडोदऱ्यात सेवउसळ आणि फाफडा समोर येणारच. आठवड्यातून एकदा खा, नाश्त्याची सवय करू नकोस.

तीन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांना फोन. पोट टणक, दुखणं, उलटी, वाराही सरत नाही, यातलं काही दिसलं तर फोनची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं. काउंटरवर पहिलं वाक्य हे, “मी क्लोझापिन घेतो आणि इतक्या दिवसांत पोट साफ झालेलं नाही.” तिथं संकोच नको. घरी एनिमा, आयुर्वेदिक चूर्ण वगैरे करत रात्र काढू नकोस.

सिगारेट ओढतोस हे मला माहीत आहे, आणि या पत्रात रागावायचं नाही असं ठरवलं आहे. पण हे लक्षात घे. धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर मोडून टाकतं, आणि डॉक्टरांनी तुझी मात्रा त्या हिशेबानं बसवली आहे. तू एकदम सोडलीस तर तीच मात्रा आठवड्याभरात अंगात दीडपट झाल्यासारखी होऊ शकते. मग दिवसाही गुंगी, जास्त लाळ, जड जीभ, तोल जाणं, प्रसंगी झटका. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. त्यामुळे निकोटिनचा च्युइंगम घेतलास तरी हिशेब तोच. सोड, जरूर सोड, पण तारीख ठरवून, डॉक्टरांना आठवडाभर आधी सांगून. ते मात्रा हळूहळू कमी करतील. तसंच कधी चारच्या दहा झाल्या तर तेही सांग, कारण मग औषध कमी पडू लागतं. कॉफीचा परिणाम उलटा, ती क्लोझापिन वाढवते. दिवसाला दोन कप ठीक, रात्रपाळीत पाच नकोत.

दुकानदाराकडून वाटेल ती गोळी घ्यायची नाही. जुलाब लागले की कुणीही सिप्रोफ्लॉक्सासिन देतं. त्यानं क्लोझापिन खूप वाढतं. पोटात मुरडा म्हणून डायसायक्लोमिन किंवा सर्दीसाठी क्लोरफेनिरॅमिन घेतलंस तर आतडं आणखी मंद. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड घेतलंस तर मान, जबडा आखडू शकतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं, पण ताप मोजून आणि वर लिहिलेलं सांभाळून. तुझ्या पैशांच्या पाकिटात औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेलं कार्ड आहे, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा तेच दाखवायचं.

बाकीचे त्रास लहान, पण रोजचे. रात्री लाळ गळते, तर उशी उंच ठेव, कुशीवर झोप, वर टॉवेल घाल. फारच झालं तर त्यावर औषध आहे. रात्री लघवीला उठताना पलंगाच्या कडेला एक मिनिट बसून मग उभा राहा. छातीत दुखणं, दम लागणं, बसल्याबसल्या धडधड ही पहिल्या दोन महिन्यांत जास्त जपायची, पण नंतरही झाली तर दुर्लक्ष नाही. वडोदऱ्याच्या मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे उन्हात उभं राहायचं नाही. या औषधांनी शरीराला उष्णता सांभाळणं जड जातं.

वजन आत्ता ६४ आहे. दर रविवारी सकाळी, काही खाण्याआधी मोज. बेंबीवरून कंबरही टेपनं. तीन किलो वाढले तर पुढच्या भेटीची वाट न बघता सांग. वजन आटोक्यात ठेवायला मेटफॉर्मिनच्या गोळीसारखा उपाय लवकर केला तर उपयोग होतो, पंधरा किलो वाढल्यावर फार कष्ट पडतात. उपाशीपोटीची साखर दर तीन महिन्यांनी.

नवरात्रात गरब्याला जा, मला फार आवडेल. पण गोळी परत आल्यावर, बाराच्या आत, आणि सलग नऊ रात्री नाही. झोप मोडली की आजार डोकं वर काढतो. रंगपंचमीला गेरसाठी, त्या रंगांच्या मिरवणुकीसाठी, इंदूरला येशील तेव्हा भांग एक घोटसुद्धा नाही, ठंडाई कुणी हातात दिली तरी आधी विचारायचं.

जोराचा ताप आणि अंग लाकडासारखं ताठ, बोलणं असंबद्ध, झटका, किंवा पोटाचं वर लिहिलेलं, यातलं काहीही झालं तर १०८. आवाज परत यायला लागले, किंवा जगू नये असं वाटलं, तर रात्री कितीही वाजता मला फोन कर. मी उचलला नाही तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असतं, पैसे लागत नाहीत. खोलीतल्या मित्राला सगळं सांगायची गरज नाही. “मी न उठणारा झोपलो, गोंधळल्यासारखा बोललो, तर आईला फोन कर,” इतकं पुरे.

गोळी थांबवावीशी वाटली तरी तोच फोन कर. मी वाद घालणार नाही, डॉक्टरांची वेळ घेईन, तू त्यांना स्वतः विचार.

तुझी,
आई

ता. क. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं तर नावाखालचा मिलिग्रॅमचा आकडा वाच. २५ आणि १०० ची गोळी रंगानं सारखी दिसू शकते. शंका आली तर पाकिटाचा फोटो मला पाठव, आणि कप्पे भरू नकोस.