पाच डॉलरचं तिकीट आणि रविवारची दुपार

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘इमो’ संगीतावर, म्हणजे अमेरिकेतल्या पंक-रॉकच्या भावुक प्रकारावर, आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा घरी, सकाळच्या चहाबरोबर. दुसऱ्यांदा एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात उभ्या उभ्या, कारण तिथल्या व्यवस्थापकांनी तोच लेख कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता आणि माझ्याकडे न बघता त्यावर बोट ठेवलं होतं.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे, सांगलीत इंजिनिअरिंग शिकतो. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून गाणी करतात. स्वतः लिहितात, स्वतः चाली लावतात, निम्मी मराठीत, निम्मी इंग्रजीत. त्यांनी रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळेसाठी छोटा हॉल ठरवला होता. तिकीट पन्नास रुपये. आगाऊ पैसे भरले होते, हातानं काढलेली पोस्टरं झेरॉक्स करून कॉलेजात लावली होती. शनिवारी संध्याकाळी फोन आला, ‘असलं संगीत आमच्याकडे नको.’ पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. मी भांडायलाही गेले नव्हते, नुसतं नकाराचं कारण विचारायला गेले होते. कारण काचेखाली होतं.

लेखात म्हटलं आहे की हे संगीत मुलांना उदास करतं, एकलकोंडं करतं, आणि सोबत काळ्या कपड्यांतल्या, डोळ्यांवर केस ओढलेल्या पोरांचे फोटो आहेत. लेखिकेला मुलांची काळजी वाटते, ती मलाही वाटते. पण ते फोटो 2000 सालानंतरच्या फॅशनचे आहेत. मोठ्या कंपन्यांनी हे संगीत विकायला घेतलं, तेव्हाचे. त्याच्या आधी पंधराएक वर्षं हे संगीत ज्या घरांतून, तळघरांतून आणि चर्चच्या हॉलमधून वाढलं, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. त्यातला थोडा भाग मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

मी मूळची मिरजेचीच. लग्नानंतर 1996 साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या नदीपलीकडे आर्लिंग्टनला गेलो. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर आलेल्या बायकोचा. त्यावर काम करता येत नसे. इथे मी बी.कॉम. होऊन तीन वर्षं पतपेढीत नोकरी केलेली, आणि तिथे सकाळी आठला दार बंद झालं की संध्याकाळी सातपर्यंत मी आणि खिडकी. वरच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा दुपारी गिटार वाजवायचा. एकदा जिन्यात त्यानं विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? मी म्हटलं, होत नाही, पण तिसरी तार उतरली आहे. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी वाढलेल्या मुलीला तार उतरलेली कळणारच. त्यानं तार लावून घेतली आणि पुढच्या आठवड्यात आम्हा दोघांना एका कार्यक्रमाला घेऊन गेला.

बॉलस्टनहून मेट्रो, मग रेड लाइन, टेनलीटाउनला उतरून चढावर चालत फोर्ट रिनो. वॉशिंग्टन शहरातली ही सगळ्यांत उंच जागा. यादवी युद्धाच्या काळात तिथे किल्ला होता; आता मैदान आहे आणि पाण्याचे बुरूज. 1968 पासून तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी फुकट संगीत असतं. दारू नाही, काचेची बाटलीसुद्धा आणायची नाही. लोक चादरी टाकून बसले होते. कुणी बाळाला घेऊन, कुणी कुत्र्याला. मंचावर पोरं आपापले अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्या, स्वतः उचलून ठेवत होती. मला एकदम आमच्या मिरासाहेब दर्ग्याचा उरूस आठवला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे चिंचेखाली गाणं होतं, मोठमोठे कलावंत बिदागी न घेता हजेरी लावतात, आणि ऐकायला कोण बसलंय याची कुणी चौकशी करत नाही. इतक्या लांब येऊन मला तेच बसणं मिळालं. मग दिवस मावळला आणि मंचावरून जो आवाज आला तो मात्र उरसातला नव्हता. छातीच्या पिंजऱ्यावर थाप बसावी तसा आवाज. मला तो आवडायला वेळ लागला नाही.

त्या मुलानं मग मला कॅसेटी करून दिल्या आणि आमच्याच आर्लिंग्टनातल्या एका घराची गोष्ट सांगितली. डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी त्या घरातून चालायची. 1980 साली ‘टीन आयडल्स’ नावाचा शाळकरी पोरांचा बँड मोडला, तेव्हा वर्षभराच्या कार्यक्रमांतून साठलेले सहाएकशे डॉलर त्यांच्याकडे होते. ते वाटून न घेता त्यांनी आपल्या आठ गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. पाकिटं कशी करतात ते माहीत नव्हतं, म्हणून एका रेकॉर्डचं पाकीट उकलून त्याचा आकार कागदावर गिरवला, आणि पहिली हजार पाकिटं स्वतः कातरीनं कापून, घड्या घालून, डिंक लावून चिकटवली. त्या मुलाकडे त्यातलं एक होतं. मी ते हातात घेऊन पाहिलं आहे. एका कडेला घडी किंचित तिरकी गेली होती आणि डिंक पिवळा पडला होता. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं आम्ही बहिणी अशीच करायचो, शंभरनंतर घडी तिरकी जायला लागते. ते पाकीट हातात असताना मला कळलं की हे लोक माझ्या ओळखीचे आहेत.

त्या रेकॉर्डवर मनगटाशी एकमेकांवर ठेवलेले दोन हात आहेत, हातांवर काळी फुली. दारूच्या वयाखालच्या मुलांना क्लबात सोडताना हातावर अशी फुली मारत, म्हणजे बारवर त्यांना कुणी दारू देऊ नये. मुलांनी तीच फुली अभिमानानं मिरवायला सुरुवात केली. पुढे याच मंडळींतून ‘स्ट्रेट एज’ आलं, म्हणजे दारू नको, अमली पदार्थ नकोत. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांना हे माहीत असतं तर काचेखालचं कात्रण त्यांनी कदाचित काढून ठेवलं असतं.

‘इमो’ हा शब्द याच वॉशिंग्टनातला. 1985च्या सुमारास तिथल्या कार्यक्रमांत मारामाऱ्या फार व्हायला लागल्या होत्या. दांडगट पोरं नाचाच्या नावाखाली एकमेकांना बडवत आणि लहान मुलं, मुली मागे सरकत. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या चौघांच्या बँडनं तोच वेगवान आवाज ठेवला आणि शब्द आत वळवले. हरवलेली मैत्री, स्वतःची चूक, वेळ निघून गेल्याची टोचणी. ऐकणारे रडायचे. लोकांनी त्याला ‘इमोशनल’ म्हणून ‘इमो’ म्हणायला सुरुवात केली आणि गाणाऱ्यांना तो शब्द मुळीच आवडला नाही. त्याच उन्हाळ्यात याच मुलांनी ड्रम, डबे जे मिळेल ते घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाविरुद्ध बडवलं. एकलकोंडी मुलं असं करत नाहीत.

आता उदासीबद्दल. 1998 साली माझे वडील गेले. व्हिसाचे कागद नूतनीकरणाला गेलेले होते, मी निघाले असते तर परतीचा भरवसा नव्हता. मी तेराव्यालाही पोचले नाही. फोनवर आईचा आवाज ऐकून ठेवून दिला आणि मला रडू येईना. चार दिवस आलं नाही. भांडी घासली, डबा दिला, कपडे इस्त्री केले. पाचव्या दिवशी दुपारी ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ची कॅसेट लावली. त्यात एक माणूस शब्द तुटेपर्यंत, घसा फाटेपर्यंत गातो, जणू सांगितलं नाही तर श्वास अडकेल. पहिली बाजू संपायच्या आत मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते आणि वडिलांच्या नावानं हंबरडा फोडत होते. ती कॅसेट नसती तर ते रडणं कुठे गेलं असतं, मला माहीत नाही. म्हणून ‘हे संगीत उदास करतं’ असं वाचलं की मला लेखिकेला घरी बोलावून ती कॅसेट ऐकवावीशी वाटते. माझ्याकडे अजून आहे, चालते.

‘फुगाझी’ या बँडबद्दल लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. राइट्स ऑफ स्प्रिंगचे दोघे आणि डिस्कॉर्डच्या संस्थापकांपैकी एक, इयन मकाय, हे त्यात होते. 1987 ते 2002 या काळात त्यांनी हजारावर कार्यक्रम केले. तिकीट शक्यतो पाच डॉलर, आणि कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश. रेकॉर्डच्या पाठीवर किंमत छापलेली, म्हणजे दुकानदारानं जास्त घेऊ नये. डिस्कॉर्डमध्ये बँडशी लेखी करार नसे, शब्दावर चाले. समोर कुणी दांडगाई करू लागला तर गाणं थांबवून त्याला समजवायचे, नाहीच ऐकलं तर पाच डॉलर परत देऊन बाहेर नेऊन सोडायचे. मी त्यांना फोर्ट रिनोवर पाहिलं तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते. मकायनं माइकवरून पुढच्या मुलांना दोन पावलं मागे सरकायला सांगितलं, आणि ती सरकली. आपल्याकडे मिरवणुकीत ढोल चालू असताना एखाद्या गरोदर बाईला वाट करून द्या असं सांगून पाहा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. साठच्या दशकात मुंबईत अशोक शहाणे, राजा ढाले यांच्यासारख्यांनी लघुअनियतकालिकं काढली ती अशीच. मोठा प्रकाशक छापणार नाही, मग पदरमोड करू, मित्रांत वर्गणी काढू, सायक्लोस्टाइल करू आणि हातोहात वाटू. पंकवाल्यांची झेरॉक्स केलेली मासिकं मी पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं.

आणखी एक रेकॉर्ड सांगते, कारण भाच्याला हे वेड तिच्यामुळे लागलं. इलिनॉयमधल्या अर्बाना या कॉलेजच्या गावात तीन विद्यार्थ्यांनी ‘अमेरिकन फुटबॉल’ नावाचा बँड काढला. 1999 साली एक रेकॉर्ड केली, शिक्षण संपलं, बँड संपला. मुखपृष्ठावर गावातलं एक साधं घर, वरच्या खिडकीत दिवा. कुणी फारसं विचारलं नाही. पण ती रेकॉर्ड एका मित्राकडून दुसऱ्याकडे जात राहिली, इतकी की पंधरा वर्षांनी त्या तिघांना परत एकत्र यावं लागलं, आणि 2023 साली बँडनं, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं आणि फोटो काढणाऱ्या मित्रानं वगैरे मिळून ते घर विकत घेतलं, पाडलं जाऊ नये म्हणून.

त्यातल्या पहिल्या गाण्यासाठी गिटारच्या तारा नेहमीसारख्या लावत नाहीत. एफ, ए, सी, जी, सी, ई या पाश्चात्त्य सुरांत लावतात. त्यामुळे बोट न ठेवता मोकळ्या तारा छेडल्या तरी त्या एकमेकींत मिसळून घुमत राहतात. भाच्यानं पहिल्यांदा तशी लावली तेव्हा मी त्याला शेजारच्या कारखान्यात नेलं. तिथले काका तंबोऱ्याची जवारी काढत होते, घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा कानस. पोरानं मांडीवर गिटार घेऊन मोकळ्या तारा छेडल्या. काकांनी हातातलं काम थांबवून ऐकलं आणि म्हणाले, ‘जी जरा चढलीय. पण बोलतंय.’ ‘बोलतंय’ हे त्यांच्या तोंडून तंबोऱ्याखेरीज कशाबद्दल मी ऐकलं नव्हतं. त्यांनी जीची तार उतरवून दिली. रविवारी हेच गाणं वाजवून मुलं सुरुवात करणार होती.

संपादक महोदय, आपण तो लेख छापलात, तसं हे पत्रही छापावं. आणि मिरज-सांगलीतल्या वाचनालयांना, शाळांना, सार्वजनिक हॉल चालवणाऱ्या मंडळांना माझी विनंती पोचवावी. महिन्यातला एक रविवार, दुपारी तीन ते सहा, हॉल मुलांना द्या. भाडं परवडेल असं घ्या, फुकट नको. दारू, सिगारेट, गुटखा आत येणार नाही. साडेपाचला शेवटचं गाणं, सहाला खुर्च्या जागेवर आणि झाडू मारून किल्ली परत. मुलगी आली, लहान भावंडं आली, कुणाची आजी आली, तर बसायला पुढची जागा. मी स्वतः दारात बसेन आणि पन्नास रुपयांची तिकिटं फाडेन.

मुलं चार आहेत. गिटारचे दोन अँप, एक बेसचा, एक ड्रमसेट, प्लग पॉइंट पाच लागतील. सतरंज्या आमच्या घरच्या आहेत.

आपली,
एक वाचक
ब्राह्मणपुरी, मिरज