तिच्याच नावाने तिचं माहेर जाळलं

हायडेलबर्ग, जर्मनी,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

वाडा पाडला, हा तुझा मेसेज वाचला. फोनवर उत्तर लिहायला बसले, पण अंगठ्याने लिहून भागेना, म्हणून कागद घेतला.

आज लेकीने इथला किल्ला दाखवला. एक गलेलठ्ठ बुरूज उभा चिरलाय आणि कलिंगडाची फोड निघावी तसा त्याचा अर्धा भाग अखंडच्या अखंड खंदकात कलंडून पडलाय. १६९३ साली फ्रेंचांनी सुरुंग लावला, तेव्हापासूनचा. हे ज्या बाईचं माहेर, तिच्याबद्दल तुला सांगायचंय.

एलिझाबेथ शार्लोट. घरात सगळे लिझेलॉटे म्हणत. जन्म १६५२चा, इथलाच. बाप पॅलेटिनेटचा, म्हणजे या मुलखाचा, राजा म्हण हवं तर. त्याने बायको जिवंत असताना तिच्याच दासीशी घरोबा केला, डझनभर मुलं झाली. या धुसफुशीतून पोरीला सातव्या वर्षी हॅनोव्हरला आत्याकडे धाडलं. आत्या सोफी. पुढे तिचाच मुलगा इंग्लंडचा राजा झाला, पण ते असो. लिझेलॉटेला खरी आई मिळाली ती आत्यात.

१६७१ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या धाकट्या भावाशी लग्न. त्यासाठी धर्मही बदलावा लागला. नवऱ्याला दागिन्यांचा आणि देखण्या पुरुषांचा शौक. तीन मुलं झाली, थोरला तिसरं सरायच्या आत गेला, आणि मग दोघांनी समजुतीने बिछाने वेगळे केले. दरबारात चहा, कॉफी, चॉकलेटची चलती. हिला हवं बिअरचं सूप नि आंबवलेली कोबी! पोराने राजाच्या अनौरस लेकीशी लग्नाला होकार दिला, तर सगळ्या दरबारासमोर त्याच्या थोबाडीत मारली हिने. मला ही बाई तिथेच आवडली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १६८५ला तिचा भाऊ निपुत्रिक वारला. थोरल्या दिराने, म्हणजे लुईने, "आमच्या भावजयीचा वारसा" म्हणून तिच्या माहेरावर हक्क सांगितला आणि १६८८ला फौजा घुसवल्या. मानहाइम शहर वडिलांनी पडझडीतून पुन्हा वसवलेलं, ते जमीनदोस्त केलं. हायडेलबर्ग जाळलं. सगळं हिच्या नावाने! आणि ही व्हर्सायला त्याच दिराच्या पंगतीला. डोळा लागला की मी तिकडेच असते, जळालेलं सगळं दिसतं, दचकून उठते आणि मग रडू आवरत नाही, असं तिने आत्याला कळवलंय.

सगळं कळवायचीच ती. हजारोंनी पत्रं, तीही बरीचशी जर्मनमध्ये. राजाची माणसं ती फोडून वाचतात हे ठाऊक होतं, म्हणून राजाच्या बाईला, मादाम द मँतनोंला, मुद्दाम शिव्या घालायची. वाचा म्हणावं! १७१४ला आत्या गेली, तर सावत्र बहिणीला लिहीत राहिली. हो, त्याच दासीच्या मुलीला.

१७२२मध्ये पॅरिसजवळ सँ-क्लूला वारली. लग्नानंतर एकदाही इथे आली नाही. म्हातारपणी तिला आठवत होतं ते काय, तर इथल्या डोंगरावर पहाटे पाचला पावाच्या तुकड्याबरोबर खाल्लेल्या चेरी.

परसातल्या रायआवळ्याचं काय झालं गं? आणि दिंडीदरवाजाची कडी मागून ठेव म्हटलं होतं, ठेवलीस का? सविस्तर लिही, मेसेज नको.

तुझी,
वसू