माझा पाठ आधी तुम्ही ऐका

पुणे

ती. आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

पत्र बघून आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्यांदाच सांगते, घरी सगळे बरे आहेत. फोनवर आपण रोज बोलतो, पण ही गोष्ट दोनदा काढली आणि दोन्ही वेळा भाजी काय केली यावर नेऊन सोडली. तोंडाने सांगवेना. बाबांना मोठं अक्षर लागतं, म्हणून एक ओळ सोडून लिहितेय.

जूनपासून आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या शब्बाथ शाळेचा लहान वर्ग माझ्याकडे आहे. सात ते दहा वर्षांची चौदा मुलं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी उभ्या उभ्या हो म्हटलं. आईने पंचवीस वर्षं वर्ग घेतला, बाबा उपदेशाला उभे राहायचे, लहानपणापासून हेच बघितलंय, मग त्यात काय अवघड, असं वाटलं. तुम्हाला कळवलं तेव्हा आईला आनंद झाला आणि बाबा एवढंच म्हणाले, "याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय एकदा वाच आणि मग हो म्हण." बाबा, मी ते वाचलं नाही. मला पाठ आहे म्हणून वाचलं नाही. तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार, हे मी दहाव्या वर्षी तुमच्यापुढे घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

ऑगस्टमध्ये याईराच्या मुलीचा पाठ होता. मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय. मुलं रंगून गेली होती. बारा वर्षांची पोरगी, घरात रडारड, आणि येशू तिचा हात धरून तिला उठवतो, मग म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. ते खायला देण्याचं मुलांना फार आवडलं. पाठ संपवताना मी म्हटलं, "बघा, विश्वासाने मागितलं की देव देतोच." माझ्या पाठाच्या वहीत हे वाक्य नव्हतं. गोष्ट रंगली त्या भरात तोंडातून गेलं.

त्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाची आजी दवाखान्यात होती. आठ वर्षांचा आहे तो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आजी गुरुवारी गेली. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, वर्गभर गप्प बसला. मुलं गेल्यावर मी चटया गोळा करत होते, तर एका चटईचं दुसरं टोक त्याने धरलं आणि चटईकडे बघतच म्हणाला, "टीचर, मी प्रार्थना करता करता दोनदा झोपलो होतो. म्हणून गेली का आजी?"

आई, मला काही बोलता आलं नाही. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "नाही रे राजा" म्हटलं आणि त्याची आई फाटकाशी उभी होती तिच्याकडे त्याला सोडून आले. घरी आल्यावर अंग कापत होतं. आठ वर्षांचं पोर दहा दिवस मनात धरून बसलं होतं की आजीला आपण मारलं. आणि तसं त्याला देवाच्या नावाने मी सांगितलं होतं.

मग मला तुझ्या गोळ्यांची आठवण झाली, आई. तू तो विषय काढत नाहीस, तरी आज मी काढते. तीन दिवसांच्या सभेला आलेल्या त्या उपदेशकाने व्यासपीठावरून सांगितलं होतं की ज्याचा विश्वास पुरा आहे त्याने औषधाची पिशवी इथे आणून टाकावी. तू शुगरच्या गोळ्या टाकून आलीस. अकराव्या दिवशी तू मोरीत पडलीस आणि बाबांनी शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तुला दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय बोललीस ते माझ्या कानात अजून आहे, "माझाच विश्वास कमी पडला गं." तोवर तो माणूस पुढच्या गावाला गेला होता. बाबांनी फोन केला तर सांगितलं, ते प्रार्थनेत आहेत. मी कितीतरी वर्षं त्या माणसावर चिडून होते. त्या रविवारी रात्री मला कळलं की त्याने मांडवात जे शिकवलं तेच मी चटईवर शिकवलं. माणसं चौदाच होती, म्हणून ते लहान होत नाही. उलट तुला त्याच्याशी वाद घालता आला असता. या पोरांकडे वाद घालायला काय आहे? टीचर म्हणाली म्हणजे देव म्हणाला, एवढंच त्यांना समजतं.

झोप लागेना तेव्हा एक दिवस आठवला. बाबा, तुम्हाला आठवतो का माहीत नाही. मी पाचवीत असेन. तुम्ही उपदेशात येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिच्याबद्दल बोलताना म्हणालात की ती आधी वाईट चालीची होती. उपासना सुटल्यावर मागच्या बाकावर बसणाऱ्या एक विधवा मावशी पुढे आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "गुरुजी, हे कुठल्या अध्यायात आहे? मला सापडत नाही." तुम्ही म्हणालात, बघून सांगतो. त्या आठवड्यात आपल्या घरी रोज कंदील उशिरापर्यंत असायचा. चारही शुभवर्तमानं तुम्ही पालथी घातलीत. लूकच्या आठव्या अध्यायात तिच्यातून सात भुतं निघाल्याचं आहे, ती वधस्तंभाजवळ असल्याचं आहे, पुनरुत्थानाच्या सकाळी ती कबरेपाशी असल्याचं आहे. चालीबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या रविवारी उपदेशाची पाळी दुसऱ्याची होती. तुम्ही त्यांच्याकडून पाच मिनिटं मागून घेतलीत आणि उभं राहून सांगितलंत, "मागच्या रविवारी मी एका बाईबद्दल जे बोललो ते शास्त्रात नाही. ऐकीव होतं, मी न वाचता सांगितलं. मंडळीने मला क्षमा करावी." मला इतकी लाज वाटली होती की मी मान वर केली नाही. घरी येताना मी रागाने विचारलं, त्या मावशींना घरी जाऊन सांगितलं असतं तर नसतं का चाललं? तुम्ही म्हणालात, "बट्टा चारचौघांत लावला, तर पुसायचा घरात जाऊन?"

हे कुठून आलं ते मी नंतर वाचलं. रोममध्ये 591 साली पोप ग्रेगरी यांनी एका उपदेशात लूकच्या सातव्या अध्यायातली निनावी पापी स्त्री आणि मग्दालीया मरीया एकच असल्याचं सांगितलं. उपदेश एक, पण चित्रं, नाटकं, गोष्टी सगळीकडे तेच चालत राहिलं. रोमन मंडळीने आपलं पंचांग सुधारताना ती गल्लत सोडली, ती 1969 साली. चौदाशे वर्षांच्या आसपास एका बाईची बदनामी देवळादेवळांतून झाली आणि फिरत फिरत ती नगर जिल्ह्यातल्या आपल्या पत्र्याच्या चर्चपर्यंत आली. तुमचा तो कंदील मला आता कळतो, बाबा.

तळीचीही आठवण झाली. आजीच्या अंगणात जुन्या जात्याची तळी पडलेली असायची, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू म्हणतो की या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, ते त्याच्या फायद्याचं होईल. ते शिकवताना तुम्ही मला आणि दादाला अंगणात नेऊन म्हणालात, उचला. आम्ही दोघांनी मिळून एक कड कशीबशी वर केली आणि माझं बोट खाली सापडलं. नख काळं पडून गळून गेलं होतं. नवीन आलेलं नख अजून जरा वाकडं आहे. लिहिताना तेच दिसतंय.

तर मी काय केलं ते सांगते. चार दिवस गेले माझे धीर गोळा करण्यात, ते जायला नको होते. गुरुवारी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आई-वडिलांसमोर त्याला सांगितलं की मी वर्गात जे बोलले ते चूक होतं. तू झोपलास म्हणून आजी गेली नाही. येशूने स्वतः मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना केली की हा प्याला टळून जावो, आणि तो टळला नाही. तेव्हा त्याचे शिष्य शेजारी झोपले होते. यावर त्याने विचारलं, "मग त्यांना देव ओरडला का?" म्हटलं, येशूने त्यांना उठवलं, जागे राहा म्हणाला, पण त्यांना सोडून दिलं नाही, त्यांच्यासाठीच पुढे गेला. मग तो आजीने शिवलेली गोधडी दाखवायला मला आत घेऊन गेला.

रविवारी वर्गात सगळ्यांना सांगितलं. त्या मुलाचं नाव न घेता, माझं नाव घेऊन. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, हे सांगितलं. त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून पौलाला त्याला मिलेत गावात ठेवून पुढे जावं लागलं, तरुण सोबती तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास कमी आहे म्हणून झापलं नाही, हेही सांगितलं. आई, हे सगळं तुझ्यासाठीही लिहितेय. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. हे तुला त्याच वेळी कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. मीसुद्धा सांगितलं नाही, नुसती चिडत राहिले.

आणि तूच तर करायचीस असं. नवे प्रचारक आले होते, शिकलेले, बोलायला गोड, आणि दुष्काळ म्हणजे आपल्या तालुक्याच्या पापाचं फळ असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू त्यांना चहाला बोलावलंस. मशीनवर कुणाचं तरी पोलकं होतं, तू पायडल थांबवलंस, चष्मा कपाळावर चढवलास आणि ईयोबाचं दुःख म्हणजे त्याच्या पापाचं फळ असं म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांना देवाने कसं झापलं ते त्यांच्याकडूनच वाचून घेतलंस. चारचौघांत एक शब्द बोलली नाहीस. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोचं तसंच आहे. तो एवढा वक्ता, शास्त्रात तरबेज, आणि प्रिस्किल्ला व अक्विला तंबू शिवणारी माणसं, पण त्यांनी त्याला आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्याने ऐकून घेतलं हे मला आता जास्त मोठं वाटतं. ते प्रचारकही ऐकून गेले. त्या चहाला तू शेंगदाण्याचा लाडू दिला होतास, त्यांनी दोन खाल्ले.

नगरहून येताना दौंडच्या पुढे गाडी केडगावला थांबली (आपलं नगरचं केडगाव नव्हे), तेव्हा तिथे निराधार बायांसाठी मुक्तिसदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचा विचार मनात आला. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण जे पटलं नाही त्याला त्यांनी मान डोलावली नाही, ज्या सिस्टर जेराल्डिननी शिकवलं त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातला. पुढे इतरांना शिकवायची वेळ आली तेव्हा इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः करायला घेतलं. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलं त्यांनी संस्कृत शब्द मुद्दाम बाजूला ठेवून साधी मराठी धरली, मुक्तिसदनातल्या बायांना समजावं म्हणून. शेवटपर्यंत ते काम चाललं होतं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 साली निघालं. समोर बसलेल्या अडाणी बाईपुढे आपण काय ठेवतोय, याची इतकी काळजी! मी एक वाक्य तपासून बघितलं नव्हतं.

पाळकसाहेबांना मी सांगितलं की वर्ग सोडते. ते म्हणाले, तुम्ही परत जाऊन चूक सांगितली म्हणून मला तुम्ही हव्या आहात. मी राहिले. आता वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असतात, दार उघडं असतं, आणि पाठ सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, घरी कसं आहे. एवढं तरी जूनपासूनच करायला हवं होतं.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. आई, ट्रंकेतल्या तुझ्या वर्गाच्या वह्या दादाबरोबर पाठव, निळ्या पुठ्ठ्याच्या सगळ्या. समासात तू मुलांचे प्रश्न लिहायचीस, ते मला हवे आहेत. बाबा, दर शुक्रवारी रात्री नऊ वाजता मी फोन करीन आणि रविवारचा पाठ तुम्हाला सांगीन. कान दुखला तरी ऐका, आणि जिथे खटकेल तिथे "कुठल्या अध्यायात आहे?" म्हणा. घाबरत सांगेन, पण सांगेन.

या रविवारी येशूने मेल्यावर उठवलेल्या लाजराचा पाठ आहे, योहान अकरा. येशू रडला, तिथे मी थांबणार आहे, घाई करणार नाही. त्या मुलाने आतापासूनच विचारून ठेवलंय की लाजर नंतर म्हातारा होऊन पुन्हा मेला का, आणि तेव्हा त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मरीयेने, काय केलं. शास्त्रात तर काही लिहिलेलं नाही. मी त्याला सांगितलंय, आमच्या बाबांना विचारते.

तुमची,
ताई