रहस्य आधी फुटले, म्हणूनच

‘व्हर्टिगो’ (१९५८) या हिचकॉकच्या चित्रपटावरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. रहस्य शेवटाच्या बरेच आधी फुटल्याने चित्रपटाची पकड सुटते, हे लेखकाचे मत पटले नाही. माजी गुप्तहेर स्कॉटी जिच्या प्रेमात पडला आणि जी मेली असे तो समजतो, ती मॅडलिन म्हणजे सोंग घेतलेली ज्युडीच होती. ज्युडीने लिहून फाडून टाकलेल्या पत्रातून हे सगळे आपल्याला कळते, स्कॉटीला मात्र नाही. खरी घालमेल तिथूनच सुरू होते. तो तिला मॅडलिनसारखा करडा सूट घ्यायला लावतो, केस रंगवायला लावतो, अंबाडासुद्धा तसाच हवा म्हणून हट्ट धरतो. हिरव्या प्रकाशातून ती पुढे येते तेव्हा त्याला गेलेली मॅडलिन दिसते, आपल्याला मात्र स्वतःला पुसून टाकणारी ज्युडी. (ज्युडी झालेल्या किम नोव्हाकचा तो चेहरा विसरता येत नाही.) रहस्य शेवटपर्यंत राखले असते, तर तिचे दुःख आपल्याला दिसलेच नसते.

— एक वाचक