माप आईच्या हाताचे

गंगापूर रोड, नाशिक
दि. ५ एप्रिल २०२६

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच गावात राहून मुलगा पत्र का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. परंतु फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू माझे वाक्य पुरे होण्याआधीच "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय मिटवतेस. शिवाय मला जे सांगायचे आहे त्यात मापे आहेत, आणि तोंडी सांगितलेले माप उंबऱ्यापर्यंतही टिकत नाही, हे बाबांचेच म्हणणे आहे.

दिवाळीत मी जे केले त्याविषयी आधी लिहितो. चार दिवसांची सुट्टी होती, अंगात उत्साह होता, आणि बाजारातून २,६४० रुपयांना आणलेले २४ पांढरे डबे होते. आईचे पितळी आणि स्टीलचे जुने डबे मी माळ्यावर टाकले, धान्य, डाळी आणि मसाले त्या एकसारख्या डब्यांत भरले, उंचीप्रमाणे ओळीत मांडले आणि फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. सर्वांनी वाहवा केली. आई एवढेच म्हणाली, "छान दिसतंय रे." त्यातल्या 'दिसतंय'चा अर्थ कळायला मला संक्रांत उलटून जावी लागली. तिळगुळासाठी लागणारा गूळ मी सर्वांत वरच्या फळीवर ठेवला होता. तो काढायला बाबा स्टुलावर चढले, स्टूल डगमगले, आणि त्यांनी ओट्याची कड धरली म्हणून निभावले. ही हकिकत तुम्ही दोघांनी माझ्यापासून लपवून ठेवलीत. आमच्या धाकटीने ती परवा बोलता बोलता सांगून टाकली. तिला रागावू नका.

डबे वाईट नव्हते. मी तुमचे घर माझ्या उंचीने आणि माझ्या डोळ्यांनी लावले, हे वाईट झाले. आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, बाबांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असले तरी दुसऱ्याचे अजून व्हायचे आहे, आणि खाली बसून उठताना तुम्हा दोघांनाही भिंतीचा आधार लागतो, हे सारे मला ठाऊक होते. तरी फळ्या लावताना त्यातले एकही आठवले नाही. मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की आम्ही दहा दिवस जेल रोडला राहायला येतो आहोत. त्या दिवसांत शक्य तितके घरातलेच सामान वापरून सगळे पुन्हा लावावे, असा बेत आहे. तो आधी लिहून पाठवतो, कारण या वेळी तुमच्या होकाराशिवाय एक चमचासुद्धा हलवायचा नाही, असे तुमच्या सुनेने मला बजावले आहे.

आरंभ खडूने करायचा. आईने ओट्यापाशी नेहमीसारखे उभे राहायचे आणि हात न ताणता, सहज जाईल तितका वर न्यायचा. तिथे भिंतीवर थोरली एक रेघ मारील. मग कमरेत न वाकता हात खाली सोडायचा. बोटे पोचतील तिथे दुसरी रेघ. रोज लागणारी प्रत्येक वस्तू या दोन रेघांच्या मध्ये आली पाहिजे, आणि जी जड आहे ती साधारण कमरेच्या उंचीला, म्हणजे उचलताना ती पोटाशी धरता येते. वरच्या रेघेच्या पलीकडे हलक्या आणि वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या वस्तू जातील, उदाहरणार्थ चकलीचा सोऱ्या, आणि त्या काढायच्या वेळी आम्हांला बोलवायचे. बाबांच्या खोलीतही अशाच दोन रेघा मारायच्या, कारण बाबांचा हात आईच्या हातापेक्षा वर जातो, पण कंबर तिच्यापेक्षा कमी वाकते. या सगळ्याला खर्च एका खडूचा. ते स्टूल मात्र मी माझ्याकडे घेऊन येणार आहे, यावर चर्चा नको.

आईचे जुने डबे माळ्यावरून खाली येतील. आजीने भांडी बाजारातून घेतलेला तो ठेंगणा पितळी डबा डोळे मिटूनही चण्याच्या डाळीचा म्हणून ओळखू येतो, आणि माझ्या २४ डब्यांना नेमके तेच जमत नव्हते. पांढऱ्या डब्यांतले काही ठेवू, पण त्यांच्यावर नावे हवीत. नावे कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने, अक्षर निदान एक इंच उंचीचे. ती थोरली लिहील, तिचे अक्षर बाबांवर गेले आहे. कागद झाकणावर न चिकटवता डब्याच्या पोटावर चिकटवायचा, कारण धुतल्यावर झाकणांची अदलाबदल होते आणि मग साखरेच्या नावाखाली मीठ नांदू लागते. वरून रुंद चिकटपट्टी लावली की ओल्या हाताने अक्षर पुसले जात नाही.

बाबांचे खिळे, स्क्रू आणि वायसर गेली कित्येक वर्षे एकाच बिस्किटांच्या डब्यात आहेत, आणि हवा तो स्क्रू काढायला तो डबा वर्तमानपत्रावर पालथा करावा लागतो. आमच्याकडे कॉफीच्या रिकाम्या बरण्या साठल्या आहेत. त्या कोमट पाण्यात भिजवून लेबल काढायचे आणि उरलेला चिकटपणा खोबरेल तेल चोळून घालवायचा. मग त्यांची झाकणे फळीच्या खालच्या बाजूला प्रत्येकी दोन स्क्रूंनी पक्की करायची, म्हणजे बरणी झाकणात फिरवून टांगता येते आणि आत काय आहे ते खालून दिसते. एक स्क्रू लावला तर बरणीबरोबर झाकणही गरगर फिरते; हे मी आमच्या घरी करून, फजिती होऊन शिकलो.

औषधांसाठी माझ्या दोन जुन्या जीन्सचे मागचे खिसे उसवून एका जाड कापडावर शिवून घेतले आहेत. सकाळ, दुपार, रात्र असे तीन खिसे, आणि चौथा डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी. ते तुमच्या पलंगाजवळच्या भिंतीवर टांगू; स्वयंपाकघरात वाफ असते, तिथे नको. गोळ्या पाकिटातून सुट्या काढून ठेवू नका, आणि ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राहील अशा बेताने दुसऱ्या बाजूने कापत या.

आता बाबांचे काम. प्रेसमध्ये ३६ वर्षे कागद हाताळलेल्या माणसाला कागद कसे ठेवावेत हे मी सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास आहे, पण बाबा, तुमचे कागद एकावर एक इतके नीट, कडेला कड लावून रचलेले असतात की खालचा काढायला सगळा गठ्ठा उपसावा लागतो. तुम्ही लग्नपत्रिकांची जाड पाकिटे टाकत नाही, हे या कामी फार उपयोगाचे आहे. त्यांतली सारख्या मापाची १२ निवडायची. खाकी कागदाची लांब पट्टी घेऊन तिला पंख्यासारख्या दोन दोन बोटांच्या घड्या घालायच्या आणि प्रत्येक घडीत एका पाकिटाची कड खळीने चिकटवायची. बाहेरून जुन्या वहीचे पुठ्ठे लावले की बारा कप्प्यांची वही तयार होते. खळ घरीच करू. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून तो चकचकीत होईपर्यंत शिजवायचा आणि शेवटी चिमूटभर तुरटीची पूड टाकायची. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे आणि घरात मुले असणार, म्हणून आपण तुरटीवर भागवू.

प्रत्येक पाकीट एका महिन्याचे. त्यात त्या महिन्यात करायच्या कामाचा कागद आधीच घालून ठेवायचा आणि पहिल्या तारखेला फक्त तेवढे एकच पाकीट उघडायचे. एप्रिलमध्ये घरपट्टी, कारण सुरुवातीच्या महिन्यांत भरली तर महापालिका सूट देते. जुलैत प्राप्तिकराचे विवरणपत्र, ज्याची नेहमीची मुदत ३१ जुलै असते. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला. गेल्या वर्षी त्यासाठी लागणारे कागद शोधण्यात तुमचे तीन दिवस गेले आणि ते सापडले पंचांगात. दोन वर्षांनी तुम्हाला ८० पूर्ण होतील, तेव्हापासून तो दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणून त्या वर्षी ती चिठ्ठी एक पाकीट मागे सरकवायची. घराचे मूळ कागद मात्र या वहीत नकोत, ते लोखंडी कपाटातच बरे.

कांद्याबटाट्यांचे थोडक्यात. उन्हाळी कांदा आता निघू लागला आहे आणि बाबा दरवर्षीप्रमाणे गोणी घेणारच. गोणीत तळाचा कांदा घामेजून सडतो, म्हणून टोमॅटोचे एक जुने कॅरेट चार विटांवर ठेवून त्यात तो पसरू; खालूनही हवा लागली म्हणजे झाले. बटाटे शेजारी नकोत, त्यांना लवकर कोंब फुटतात. ते द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवू. त्या खोक्यांना हवेसाठी भोके असतातच. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, म्हणून खोके भिंतीपासून चार बोटे दूर ठेवायचे आणि दसऱ्याला बदलायचे.

रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करायला धाकटी हटून बसली आहे, आणि ते आईशिवाय कोणालाच येत नाही. आम्ही येण्याच्या तीन दिवस आधी कागद फाडून भिजत घालून ठेव आणि पाणी रोज बदल. मेथ्या भिजवून वाटण्याचे काम तुझी सून करील. मिक्सरमध्ये वाटलेल्या मेथ्या पाट्यावरच्यासारख्या चिकट होत नाहीत हे तुझे मत तिला माहीत आहे. लगदा पालथ्या पातेल्यावर थापला की आधी सावलीत आणि मग उन्हात, पुरते पाच-सहा दिवस लागतील, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी घ्यायचे. जूनच्या मध्यावर पाऊस आला तर ती टोपली दिवाळीपर्यंत वाळत नाही. त्यांत लसूण, सुक्या मिरच्या आणि तुझी लोकरीची गुंडाळी राहील.

शेवटचे आणि माझ्या आवडीचे काम गोधडीचे. आजीच्या दोन सुती नऊवारी तुझ्या ट्रंकेत आहेत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चार तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरहून थोडा मोठा होतो, आणि ते एकावर एक ठेवले की बाबांच्या पलंगाला पुरेल अशी चार थरांची गोधडी एका लुगड्यात निघते. तुझ्या सहावारीतले नायलॉनचे काही मध्ये घालायचे नाही. ते सरकते, घाम टिपत नाही, आणि धुतल्यावर आतल्या आत गोळा होते. साड्या आधी धुऊन, कडक वाळवून, जमिनीवर ताणून पसरू आणि चारही बाजूंनी कच्चे टाके घालू. मग कडेपासून आत आत फेर घेत धावदोरा. जमिनीवर बसणे तुला आता जमणार नाही, म्हणून कच्च्या टाक्यांपर्यंतचे काम आम्ही करू आणि पुढे तू खुर्चीवर बसून, गोधडी मांडीवर घेऊन टाके घालशील. मुलींना सुईत दोरा ओवायला बसव, म्हणजे तुझ्या डोळ्यांना त्रास नाही. दोन फेरांमध्ये अंतर किती ठेवायचे यावरून आमच्या घरी वाद आहे: मी दोन बोटे म्हणतो, तुझी सून एक म्हणते. आजीची बोटे बारीक होती, त्यामुळे 'दोन बोटे' हे माप कोणाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो तूच सोडवायचा. दहा दिवसांत गोधडी पुरी होणार नाही हे मला ठाऊक आहे. उरलेली घेऊन मुली दर रविवारी तुझ्याकडे येतील.

माळ्यावरच्या सहा गाद्यांविषयीही लिहिणार होतो. २०१५ च्या सिंहस्थाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तू त्या भरून घेतल्यास, आणि त्यानंतर त्यांवर कोणी झोपलेले मला आठवत नाही. परंतु "२०२७ ला लागतील" या तुझ्या उत्तरावर मला आता काही बोलता येत नाही, कारण पुढच्या वर्षी त्या खरोखरच लागतील. त्या फक्त उन्हात टाकून, जुन्या चादरींच्या खोळी शिवून पुन्हा वर ठेवू. वर मी चढेन.

मी केलेला हिशेब असा आहे: मार्कर, रुंद चिकटपट्टी, स्क्रू, गोधडीचा दोरा आणि सुया मिळून ३१० रुपये. सामान मी रविवार कारंज्यावरून घेऊन येईन. बाबांनी त्यासाठी नाशिकरोडहून बसने शहरात जाऊ नये.

बाबा, एक विनंती. तुम्ही आलेले प्रत्येक पत्र वाचून झाले की तारेला टोचता. या पत्राच्या मागच्या बाजूला मी दोन रिकामे चौकोन आखले आहेत. पहिल्यात खडूच्या रेघांची उंची आणि दुसऱ्यात आईच्या दोन बोटांचे माप लिहायचे आहे. ते लिहून होईपर्यंत हे पत्र तारेला टोचू नये.

तुमचा,
बाळ